ड्रॅगनचं तोंड कुणीकडे

युद्ध ही गंभीर गोष्ट आहे. टेबलावर खेळलं जाणारं युद्ध त्याहून गंभीर, कारण त्यात खरोखर कोणी मरत नाही आणि त्यामुळे भांडायला शेवटपर्यंत सगळे हजर असतात.

ज्यांना हा खेळ माहीत नाही (अशा लोकांची घरं साधारणपणे नीटनेटकी असतात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन मोठी, कमावती माणसं समोरासमोर उभी राहतात. मध्ये टेबल. टेबलावर थर्माकोलच्या टेकड्या, वाळक्या शेवाळाचं जंगल आणि दोन्ही कडांना बोटभर उंचीचं एकेक सैन्य. भालाईत, तिरंदाज, चेटकी, राजा, ज्याला जे परवडेल ते. आपली पाळी आली की टेपने इंच मोजून सैनिक सरकवायचे, फासे टाकायचे आणि कोण मेलं ते ठरवायचं. सैनिक घरी रंगवून आणावे लागतात. बिनरंगी सैनिकाला लढता येत नाही, कारण उघड्याने रणांगणात उतरणं शोभत नाही असं नियमपुस्तक म्हणतं. पुस्तक तीनशे पानांचं आहे. (बुद्धिबळाचे नियम दोन-चार पानांत आटपतात. म्हणूनच बुद्धिबळवाले इतके गप्प बसतात. बोलण्यासारखं काही उरतच नाही.)

निरीक्षकांना ही तीनशे पानं पाठ होती. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दिवसभर दुकानोदुकानी हिंडून तराजू खरा की खोटा ते बघायचे. केसाएवढी चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. अत्यंत सचोटीचा माणूस. लाच त्यांनी कधी घेतली नाही आणि द्यायला म्हणून कोणी त्यांच्यासमोर तेवढा वेळ थांबलंही नाही. अशा या माणसाने तीन वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता.

दोष अर्थातच फाशांचा होता. दगा देणाऱ्या फाशाला निरीक्षक शिक्षा म्हणून फ्रीजरमध्ये टाकत. एकदा एक गुन्हेगार फासा बर्फाबरोबर पाहुण्यांच्या सरबतात गेला आणि पाहुण्यांनी तो चावला. फाशाला काही झालं नाही.

आता सराव करायचा तर टेबल लागतं, आणि घरात टेबल एकच होतं, जेवणाचं. त्यावर तीन वर्षं जंगल आणि टेकड्या होत्या. निरीक्षकांची आई वॉशिंग मशीनवर ताट ठेवून जेवायची. मशीन चालू असलं की वाटी आपणहून जवळ येते, हा त्यातला फायदा तिने स्वतः शोधून काढला होता. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची आणि घरी येऊन इस्त्रीच्या फळीवर जेवायची. निरीक्षक स्वतः डाव्या हाताने जेवत, उजवा हात सैन्यासाठी राखून. घरात कुरबुर अशी नव्हती. पण स्पर्धेच्या आठवड्यात एक दिवस फळीवरची इस्त्री बायकोच्या ताटात कलंडली.

"अहो, इकडे बघा," ती म्हणाली. "एक सामना जिंकून या. एकच. मग टेबल जन्मभर तुमचं. मी शब्दही काढणार नाही."

"आणि नाही जिंकलो तर?"

"तर रविवारी रात्री त्या टेकडीवर पातेलं ठेवणार मी."

"बरोबर आहे सूनबाईचं," आई मशीनवरून म्हणाली. "मला आता इथेच गोड लागतं, ते सोड."

स्पर्धेत एक सामना हरला की माणूस घरी, असा नियम होता. म्हणजे टेबलाचं काय होणार ते एकाच सामन्यात ठरणार होतं.

सामना एका बॅडमिंटन हॉलमध्ये होता. पंच हा ड्रायव्हिंग शिकवणारा मास्तर होता. तणाव वाढला की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबायचा. समोर प्रतिस्पर्धी म्हणून एक डॉक्टर बाई आल्या. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या. आवाज इतका मऊ की त्यांच्याशी बोलताना लोक नकळत दहापासून उलटे आकडे मोजू लागत. त्यांच्या सैन्यात फक्त दोन प्रकार होते, तिरंदाज आणि वैद्य. तिरंदाज मारणार, वैद्य मेलेल्यांना पुन्हा उभं करणार. (दोन्हीकडून धंदा.)

पहिल्याच फेरीत डॉक्टरांनी तिरंदाज पुढे केले आणि निरीक्षकांनी हात वर केला.

"हे तिरंदाज माझ्या सैन्याकडे बघत नाहीयेत."

"म्हणजे?"

"प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक फुलपाखरू आहे. ते फुलपाखराकडे बघतायत." निरीक्षकांनी खिशातून दोरा काढून एका तिरंदाजाच्या डोळ्यापासून ताणला. दोरा फुलपाखराला लागला. "पान एकशे चौदा. आकृतीच्या डोळ्यांसमोर जे येईल तेवढंच आकृतीला दिसतं. दिसत नाही त्याला मारता येत नाही."

"अहो, खांद्यावर सुंदर दिसतात म्हणून लावलीत ती," डॉक्टर म्हणाल्या. "लढताना मान वळवतील की."

"मान वळवण्याचा नियम पुस्तकात नाही."

"पण साहेब, नियमाचा अर्थ बघितला तर..." पंच म्हणाला.

"अर्थ बघायचा नसतो, मास्तर. अक्षर बघायचं. अर्थ बघत बसलो असतो तर माझ्या हद्दीत एकही तराजू खोटा निघाला नसता."

पंचाने ब्रेक दाबला. तिरंदाज बाद झाले. डॉक्टर "हरकत नाही हं" म्हणाल्या आणि शांतपणे आपले वैद्य घेऊन तिन्ही टेकड्यांवर जाऊन बसल्या. टेकड्या धरल्याचे साठ गुण त्यांच्या नावावर लागले. निरीक्षक गालात हसले, कारण त्यांचा ड्रॅगन अजून यायचा होता.

ड्रॅगन दुसऱ्या फेरीत आकाशातून उतरतो. तोवर तो डब्यात असतो. निरीक्षकांचा ड्रॅगन आईच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला होता. त्यांनी शुभशकुन म्हणून डोळे मिटले, स्वेटर सोडला, छाती शत्रूकडे आहे ना ते चाचपून बघितलं आणि ड्रॅगन आपल्या सैन्याच्या चार बोटं पुढे उतरवला. हात काढला. डोळे उघडले.

ड्रॅगन त्यांच्याकडे बघत होता.

छाती शत्रूकडे, नखं शत्रूकडे, पंख शत्रूकडे. तोंड तेवढं मागे, स्वतःच्या सैन्याकडे, जबडा वासून. निरीक्षकांनी पंचाची परवानगी घेऊन घरी फोन लावला.

"आई, ड्रॅगनला कोणी हात लावला होता?"

"अरे हो, सांगायचं राहिलं. सकाळी धूळ पुसताना मान निखळली त्याची. चिकटवून टाकली मी. छान बसलीय ना?"

"उलटी बसलीय!"

"उलटी कशाने? आधी उलटी होती. तो मेला सगळ्यांकडे पाठ करून उभा असायचा. आपल्या माणसांकडे पाठ करून उभं राहणं बरं दिसतं का? आता कसं, तोंड आपल्या माणसांकडे आहे." मागे मशीन घुमू लागलं. "फोन ठेव, वाटी निघाली माझी."

निरीक्षकांनी ड्रॅगन फिरवायला हात पुढे केला.

"थांबा!" पंच ओरडला. "शेपूट शत्रूकडे केली की तो पळाला असं धरतात. पान दोनशे सात. पळालेल्याला डब्यात जावं लागतं."

"मग तो इथेच उभा राहू दे. काही करणार नाही."

"तेही जमायचं नाही साहेब. ड्रॅगन भुकेला उतरतो. जो जवळ दिसेल त्याच्यावर तुटून पडतो आणि दिसायचे थांबेपर्यंत थांबत नाही. यात मालकाला विचारत नाहीत."

"जो जवळ दिसेल म्हणजे शत्रूपैकी! अर्थ उघड आहे!"

पंचाने निरीक्षकांकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे बघितलं. मग गाडी उतारावर सोडावी तसा पाय हलकेच ब्रेकवरून काढला. "अर्थ बघायचा नसतो ना," तो म्हणाला आणि दोरा ताणला. दोरा निरीक्षकांच्या पहिल्या भालाइताला लागला.

त्या फेरीत ड्रॅगनने समोर दिसणारे नऊ भालाईत खाल्ले. निरीक्षकांना रात्री टेबलावर वाफाळणारं पातेलं डोळ्यांसमोर दिसलं. आणि तेवढ्यात पंच गुणफलकावर काहीतरी लिहून मागे सरला.

निरीक्षकांच्या नावापुढे नऊ गुण होते.

"हे कसले?"

"मारलेल्याचा गुण मारणाऱ्याच्या मालकाला," पंच म्हणाला. "ड्रॅगन तुमचाच ना?"

दोन्ही बाजूंच्या डोक्यात एकाच वेळी प्रकाश पडला. निरीक्षकांनी मनातल्या मनात हिशेब केला. चाळीस भालाईत, प्रत्येकी एक गुण. राजाचे वीस. झाले साठ. शत्रूचे साठ. आणि सैन्यात अजून एक जण होता.

इथून पुढे सामना अतिशय सुरळीत झाला. निरीक्षक टेप घेऊन आपले भालाईत शिस्तीत, रांग न मोडता ड्रॅगनच्या तोंडासमोर नेऊन उभे करू लागले. डॉक्टर आपले वैद्य घेऊन त्यांना वाचवायला धावल्या. जिवंत केलेल्याचा गुण परत घेतला जातो, त्यामुळे वैद्य ज्याला उभं करीत त्याला निरीक्षक पुन्हा पाठवीत. एक भालाईत असा तीनदा खाल्ला गेला. त्याची तक्रार आली नाही.

"तुमच्या लोकांना शरण येऊ द्या ना माझ्याकडे," डॉक्टर म्हणाल्या. "मी सगळ्यांना घेते. जागा आहे टेकडीवर."

"माझे सैनिक स्वाभिमानी आहेत," निरीक्षक म्हणाले आणि पुढचे पाच सरकवले.

शेवटच्या फेरीआधी वैद्यांची औषधं संपली आणि राजा गेला. त्याच्या झग्यावरची नक्षी निरीक्षकांनी एका केसाच्या ब्रशने रंगवली होती. राजा न डगमगता गेला. (त्याचे पाय तळाला चिकटवलेले होते.) साठ-साठ.

उरला ढोलवाला. तो जंगलामागे उभा होता, म्हणून ड्रॅगनला दिसत नव्हता. लढत कधीच नसे. सैन्यात तो एकटाच बायकोने रंगवलेला होता. तीन वर्षांपूर्वी, पहिलं सैन्य घरी आलं तेव्हा, ती हौसेने शेजारी येऊन बसली होती. लाल रंग संपला म्हणून तिने त्याची विजार जांभळी केली आणि तोंड काढताना हात हलला, म्हणून तो जरा वाकडा हसायचा. त्यानंतर ती पुन्हा बसली नाही. टेबलाशी बसायला जागाच उरली नव्हती.

"याला असू द्या हो," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "बरोबरी घेऊ. बघा ना कसा हसतोय."

"बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे, डॉक्टर."

"घरी काही कबूल करून आलात का?"

निरीक्षकांनी ढोलवाल्याला उचललं. अंगठ्याने त्याच्या विजारीवरची धूळ पुसली. मग टेप लावला, सहा इंच बरोबर मोजले, केसाएवढीही चूक न करता, आणि त्याला जंगलाबाहेर ठेवलं. ढोलवाला ड्रॅगनकडे बघून वाकडा हसला.

फासा टाकायचा होता. एक पडला तर वाचणार, बाकी काहीही पडलं तर गेला. फासा फ्रीजरमधून आणलेला, अजून गार होता. निरीक्षकांच्या हातून तो जरा जास्त वेळ सुटेना. मग सुटला. सहा पडले. तीन वर्षांत पहिल्यांदा फासा त्यांच्या बाजूने बोलला.

टाळ्या झाल्या. पंचाने निकाल जाहीर केला. शत्रूला ओरखडाही न काढता मिळवलेला असा निर्भेळ विजय या स्पर्धेत पूर्वी कधी झाला नव्हता. विजेत्याचा सैन्यासह फोटो काढायची पद्धत आहे. फोटोत एक रिकामं टेबल, एक ड्रॅगन आणि एक निरीक्षक आले. दोघं एकमेकांकडे बघतायत.

घरी पोचले तेव्हा बायको दारातच होती.

"जिंकलात?"

"जिंकलो."

"खरंच? सगळे नीट लढले?"

"सगळ्यांनी भाग घेतला."

"आणि माझा तो? जांभळ्या विजारीचा?"

"त्याच्यामुळेच जिंकलो."

बायकोचा चेहरा उजळला. तिला इतका आनंद झाला की ती आपलं ताट घेऊन स्वतःहून इस्त्रीच्या फळीकडे गेली. आईने मशीनवरून हात ओवाळल्यासारखा हलवला. "बघ, म्हटलं नव्हतं? तोंड आपल्या माणसांकडे असलं की सगळं नीट होतं." निरीक्षक जेवणाच्या टेबलाशी गेले. टेकड्या जागच्या जागी होत्या. ते डाव्या हाताने जेवले.

लढाईत एकूण बेचाळीस जण खाल्ले गेले, सगळे स्वतःच्याच बाजूचे. वाचकहो, आपण ते मोजले नसतील. आपल्याला शेवटपर्यंत काळजी होती ती टेबल कोणाचं होतं याची, आणि साठ-साठ झाल्यावर तर आपण मनातून निरीक्षकांच्याच बाजूने होतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त उद्या आपल्या पुढ्यात वरून कोणी उतरलं, तर एवढं करा. त्याचं तोंड आपल्याकडे आहे हे बघून लगेच टाळ्या वाजवू नका. जरा थांबा, आणि जबडा उघडा आहे की मिटलेला तेवढं बघा. (थांबणार नाही आपण. आम्हीही थांबलो नव्हतो.)