कॅरमचे सेफ्टी ऑफिसर

कॅरम खेळण्याआधी वाऱ्याची दिशा बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या महाडात आहे. कदमतात्या. रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आम्ही बोर्ड मांडला, की समोरच्या चाळीतून तात्या उतरतात, खांबाला बांधलेल्या रुमालाकडे बघतात आणि मला म्हणतात, "वारा पूर्वेकडनं हाय. मास्तर, खुर्ची फिरवा. पावडर नाकात जाईल."

बोरिक पावडर हो! चिमूटभर!

तात्यांची उभी हयात बिरवाडीकडच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात गेली. रिटायर झाले, पण खातं काही सुटलं नाही. गॅस गळला तर कुठे पळायचं ते कळावं म्हणून कंपनीत उंच काठीवर एक कापडी पिशवी फडफडत असते. आमचा रुमाल हा तिचाच धाकटा भाऊ. तात्या स्वतः खेळत नाहीत. "सुपरवायझरने मशीनला हात लावायचा नसतो," म्हणतात. खेळतो आम्ही चौघं: मी, माझी बायको, किराणा दुकानवाले सकपाळ आणि सकपाळवहिनी.

पण खेळू देतील तर ना! आधी भाषण. नखं कापली का, अंगठ्या काढल्या का, बल्बची वायर बघितली का.

"तात्या, आज सोंगट्यांना हेल्मेट नाय घातलीत?" सकपाळवहिनी विचारतात. तात्यांना वाटेल ते बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

स्ट्राइकर उडून खाली पडला, की तात्यांचा हात वर. "नियर मिस! थांबा सगळे!" म्हणजे थोडक्यात हुकलेला अपघात. मग चौकशी. कोणी मारला, एवढ्या जोरात का मारला, डोळ्याला लागला असता तर? मला मुळातच दम निघत नाही. एकदा माझी राणी अगदी खिशाच्या तोंडाशी, आणि तात्यांनी मॉकड्रिल काढलं. आम्ही चौघं पंपाच्या खोलीपाशी ओळीने उभे. परत येऊन बघतो तर बोर्डावर मांजर बसलेलं आणि राणी गटारात. तात्या मात्र खूश. "बघा, माणूस एकही गेला नाय!"

सगळ्यात मोठा जाच शेवटी. खेळ संपल्यावर प्रत्येकाने घरी जाऊन गॅलरीतून ओरडायचं, "पोचलो!" माझं घर पहिल्या मजल्यावर. जिन्यात काय वाघ बसलाय? पण तात्या खाली पार्किंगमध्ये मान वर करून उभे. "नोंद झाली" म्हटल्याशिवाय हलायचे नाहीत.

शेवटी माझं डोकं फिरलं. उद्यापासून बोर्ड आमच्या हॉलमध्ये, दार लावून. सकपाळही तयार झाले. तात्यांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सरळ सांगवेना, म्हणून चेष्टेनं सुरुवात केली.

"तात्या, आम्ही पोचलो की तुम्हाला सांगतो. तुम्ही पोचलात हे कुणाला सांगता?"

तात्या सोंगट्या डब्यात भरत होते. भरतच राहिले.

"ही होती तेव्हा गॅलरीत उभी असायची," ते म्हणाले. "ड्यूटी सुटली की मी कोपऱ्यावरनं हॉर्न द्यायचो. मग ती आत जाऊन भाकरी टाकायची. आता दाराला कुलूप असतं. कुलपाला काय सांगायचं?"

बोर्डाचं सांगायचं राहूनच गेलं. आम्ही वर गेलो, ओरडलो, नोंद झाली. तात्या गल्ली ओलांडून गेले. मी आत वळणार, तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून सकपाळवहिनींचा आवाज आला. पोलादपूरकडच्या डोंगरात एका वाडीवरून दुसऱ्या वाडीला हाका मारून तयार झालेला आवाज तो.

"ओ तात्या! पोचलात काय?"

समोर दिवा लागला. मग तात्या गॅलरीत आले, कदमकाकू उभ्या असायच्या तिथेच.

"पोचलो!" थोडं थांबून पुन्हा, "कडी लावली! गॅस बघितला! चपला आत घेतल्या!"

"नोंद झाली," वहिनी म्हणाल्या. "आता जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी बोर्ड पार्किंगमध्येच मांडला. तात्या यायच्या आधी रुमालाकडे बघून मीच माझी खुर्ची फिरवून ठेवली.