केसांचं माहेरपण

शस्त्रक्रियेनंतर अठराव्या दिवशी सकाळी श्रीकांत शिरगुप्पे यांच्या कपाळावर नव्याने लावलेल्या दोन हजार एकशे चाळीस केसांनी माहेरी जायची परवानगी मागितली.

अर्ज तोंडी होता. तो डाव्या भुवईच्या वर, पहिल्या रांगेत बसवलेल्या थोरल्या बटेने केला. "मामंजी," ती म्हणाली, "आता खपल्या पडल्या, खाज थांबली, घरही ओळखीचं झालं. आम्हाला तीन महिने माहेरी जाऊन येऊ द्या."

शिरगुप्पे आरशासमोर दात घासत होते. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि विचारलं, "माहेरी म्हणजे मागे?"

"मागेच. मानेच्या वर, जिथून आम्हाला काढून आणलं."

"वीतभरावर तर आहे. संध्याकाळी जा, सकाळी या. फार तर चार दिवस राहा."

कपाळ ठणकायला लागलं.

शिरगुप्पे इचलकरंजीत वधूवर सूचक केंद्र चालवत. बावीस वर्षांत त्यांनी नऊशे मुलींची लग्नं जमवली होती. चैत्रात त्यांचा वार्षिक मेळावा असे. गेल्या वर्षी व्यासपीठावरच्या दिव्याचा झोत त्यांच्या टकलावरून परतून प्रमुख पाहुण्यांच्या डोळ्यांवर आला आणि फोटोत पाहुणे डोळे मिटलेलेच आले. त्यावर गावाने वर्षभर तोंडसुख घेतलं. यंदा भांग पाडूनच माइकपुढे उभं राहायचं, असा शिरगुप्प्यांनी पण केला होता. त्यासाठी त्यांनी काय कमी सोसलं? दहा दिवस खुर्चीत अर्धवट रेलून झोप काढली. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली, तेव्हा शेजारच्यांनी त्यांना ओळखलं नाही. खाली वाकायचं नाही म्हणून चपलासुद्धा बायकोने पायात घातल्या. आणि आता मेळावा तीन महिन्यांवर आलेला असताना केस माहेरी निघाले.

त्यांनी कोल्हापूरला डॉक्टर मगदुमांना फोन लावला.

"तिसऱ्या आठवड्यात जातातच," डॉक्टर म्हणाले. "संमतीपत्राच्या चौथ्या पानावर आहे. खाली तुमची सही आहे."

"आणि नाही पाठवलं तर?"

"तरी जातात. पण रागावून गेलेलं माणूस कधी परत येईल, ते आम्ही लिहून देत नाही. मूळ मात्र तुमच्याकडेच ठेवून जातात. ते जपा."

फोन ठेवून वळले तर बायको, अलकाताई, दारात उभ्या. हातात मिठाच्या पाण्याची फवारणीची बाटली. अठरा दिवस, तासातासाला, नव्या केसांवर त्यांनीच पाणी शिंपडलं होतं, आणि शिंपडता शिंपडता त्या त्यांच्याशी बोलत बसत.

"तू काय काय सांगितलंस गं यांना?" शिरगुप्प्यांनी विचारलं.

"खरं ते सांगितलं. माझं माहेर निपाणीला, तासाभरावर. चोवीस वर्षांत मी तिथं चार दिवसांवर राहिले नाही. चौथ्या दिवशी तुमचा फोन येतो. कधी गॅस संपतो, कधी दूध उतू जातं, एकदा तर चष्मा सापडंना म्हणून बोलावलंत. चष्मा डोळ्यांवर होता."

"सासूबाईंनाही आमच्याबरोबर सोडा," थोरली बट म्हणाली. "अट एकच. कुणालाही बोलवायला फोन करायचा नाही. सासूबाईंना चौथ्या दिवशी बोलावलंत, तर उद्या आम्हालाही तेच होणार."

"मेळाव्याच्या आत येता ना?"

"माहेरी निघालेल्या मुलीला परतीची तारीख विचारतात का, मामंजी?"

नऊशे लग्नं जमवलेल्या माणसाने मान डोलावली.

पाठवणी साधीच झाली. हळदकुंकू लावायला डॉक्टरांची महिनाभर मनाई होती, म्हणून अलकाताईंनी सगळ्यांवर एकदा शेवटचं पाणी शिंपडलं. चार दिवसांत, अंघोळीच्या तांब्यागणिक थोडेथोडे करत केस निघून गेले. पाचव्या दिवशी अलकाताई निपाणीच्या एसटीत बसल्या.

डोकं पुन्हा मोकळं झालं. केंद्रात येणारे विचारत, "अण्णा, लावलेले केस कुठं गेले?" शिरगुप्पे सांगत, "माहेरी." त्यावर लोक म्हणत, "बरं झालं, थंडीचं जाऊन येऊ देत." गजा नाभिकाने मागचे केस कापताना हात थांबवला. "मागं पाहुणे आलेत व्हय? लई दाटी झालीय. आणि हसाय लागलेत."

अलकाताईंना जाऊन चौथा दिवस उजाडला आणि नेमका गॅस संपला. शिरगुप्प्यांनी फोन उचलला. निपाणीचा नंबर बोटाला पाठ होता. तेवढ्यात कपाळावर एक बारीक पुळी टोचली. मूळ जागं होतं. त्यांनी फोन खाली ठेवला. मग उठून शेजारी गेले, सिलिंडर कसा लावतात ते शिकून आले आणि पहिला चहा स्वतः केला. चहात साखर विसरली होती, तरी त्यांनी तो संपवला. त्या दिवशी त्यांना घर खायला उठलं, हे मात्र खरं.

महिना गेला, दुसरा गेला, तिसराही सरत आला. कपाळावर काही नाही, दारात कुणी नाही. मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी टोपी विकत आणली. फोन मात्र केला नाही.

मेळाव्याच्या सकाळी त्यांना कपाळावर गुदगुल्या झाल्या. आरशात पाहिलं तर थोरली बट आली होती, माहेरचं तूप खाऊन जाड झालेली. "उशीर नाही ना झाला?" तिने विचारलं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नऊपर्यंत सगळे आले. मोजले तर दोन हजार एकशे सत्तेचाळीस भरले. सात जण पाठराखणीला सोबत आले होते आणि त्यांना इथलं पाणी मानवलं होतं.

दहाच्या एसटीने अलकाताई उतरल्या. कुणी बोलावलं नव्हतं. चेहरा भरला होता, हातात लाडवांचा डबा होता. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि स्वतःच्या कंगव्याने त्यांचा भांग पाडला.

व्यासपीठावर दिवा लागला आणि यंदा पाहुण्यांचे डोळे उघडे राहिले. शिरगुप्प्यांनी माइक धरला. "यंदापासून अर्जात एक रकाना वाढवलाय. मुलाच्या घरच्यांनी भरायचा. सुनेला माहेरपण किती दिवस? चार किंवा त्याहून कमी लिहिणाऱ्याचा अर्ज केंद्र घेणार नाही."

मागच्या रांगेतल्या एका आजींनी टाळी वाजवली, आणि बायकांची बाजूच्या बाजू उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. मुलांचे बाप खाली मान घालून पेन शोधू लागले.

त्या गलक्यात थोरली बट हळूच म्हणाली, "मामंजी, सुखरूप पोचलो म्हणून आईला कळवायचं राहिलं."

शिरगुप्प्यांनी हात मागे नेला आणि मानेवरच्या केसांना दोनदा थोपटलं. शेजारी उभ्या अलकाताईंनी पर्स उघडली, निपाणीला फोन लावला.