तपकिरी बटण

वरच्या ऑफिसात बसणाऱ्यांनो, ही आग तुम्ही लावलीत! पंखा तुमच्या डोक्यावर, गादी तुमच्या बुडाखाली आणि भांडणं मात्र खालच्या शिलाईखान्यात! चहा, कॉफी आणि लिंबू सरबत, तिन्ही करत बसायला वेळ जातो म्हणे. म्हणून फर्मान सोडलंत: "यापुढे एकच पेय मिळेल. कोणतं, ते बहुमताने ठरवा." अरे, सुईत दोरा ओवायला वेळ मिळत नाही त्या माणसांना तुम्ही मतदान करायला लावलंत! आणि त्यापायी एका भल्या माणसाच्या संसारात जे बटण तुटलं, ते आता कोण लावून देणार?

तो भला माणूस म्हणजे कटिंग मास्तर. भला, पण संशयी. दुकानदाराने सुटे पैसे दिले तर नोट उजेडात धरून बघायचा, आणि बायकोने "छान दिसताय" म्हटलं तर आरशात जाऊन खात्री करायचा. पण फर्मान ऐकून मास्तर गालातल्या गालात हसला. "चहाच येणार! पैज लावा! निम्मा शिलाईखाना माझ्या शब्दाबाहेर नाही आणि उरलेला निम्मा माझ्या बायकोच्या!"

बायको तिथेच कामाला होती. काज-बटणाचं टेबल तिचं. तिच्या मताबद्दल शंका घेणं म्हणजे सूर्य उद्या उगवेल का, असं विचारण्यासारखं होतं. रोज सकाळी घरी चहा मास्तर करायचा. घरकामातलं त्याला तेवढंच यायचं आणि त्याचा त्याला भारी गर्व होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ती तो चहा घ्यायची, कप खाली ठेवायची आणि म्हणायची, "झाला." मास्तर ते कौतुक समजायचा.

चहाच्या विरोधात उभी होती सुपरवायझरबाई. नवी आलेली, चष्मा नाकाच्या टोकावर आणि हातात कायम कॉफीचा मग. मास्तरच्या मते कॉफी पिणाऱ्या माणसाला झोप येत नाही, आणि झोप न येणारा माणूस रात्रभर काहीतरी कट शिजवत असतो. तिसरा पक्ष इस्त्रीवाल्याचा. तो दिवसभर वाफेत उभा. "मला गरम काही दाखवूसुद्धा नका," म्हणायचा. "लिंबू सरबत नाहीतर मरण!"

सकाळी तिन्ही पेयं टेबलावर मांडली गेली. चाखून मग मत द्यायचं, असं ठरलं होतं. मास्तरने आधी तिन्ही किटल्या हुंगल्या.

"आज चहा पातळ का?" त्याने शिपाईकाकांना पकडलं. "कोणी सांगितलं पाणी वाढवायला?"

"मास्तर, रोज असाच असतो."

"रोज असा नसतो! आणि कॉफीत आज साखर जास्त आहे. मुंग्यासुद्धा फितवल्या आहेत, बघा! सगळ्या कॉफीच्या किटलीकडे चालल्यात!"

"मुंग्यांना मत नाही हो मास्तर," सुपरवायझरबाई घोट घेत म्हणाली.

मग मतदान कसं करायचं यावर वाद. बाई म्हणाली, "चिठ्ठ्या टाकू." मास्तर उसळला. "चिठ्ठ्या? म्हणजे अक्षर ओळखायला सोपं! गुप्त म्हणजे गुप्त पाहिजे! उद्या कोणी कोणाला विचारायचं नाही आणि सांगायचं तर नाहीच!"

तोड त्यानेच काढली. शिलाईखान्यात कमी नाही ती एकच गोष्ट, बटणं. तपकिरी बटण म्हणजे चहा, काळं म्हणजे कॉफी, पिवळं म्हणजे लिंबू. मुठीत लपवून न्यायचं आणि डब्यात टाकायचं.

"डब्याला झाकण लावू या," बाई म्हणाली.

"झाकण? झाकणाखाली काय चालतं ते मला सांगू नका! डबा उघडा राहील. खोलीच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर!"

खोलीच्या मधोमध काय होतं? काज-बटणाचं टेबल. तिथे डबा ठेवला गेला. मास्तरने आपलं तपकिरी बटण टाकण्याआधी भिंतीकडे तोंड करून, कात्रीच्या टोकाने त्यावर बारीकशी फुली ओढली. का? संशय! उद्या कोणी मत बदललं तर पुरावा नको?

संध्याकाळी सुटायच्या वेळी सगळ्यांसमोर डबा पालथा केला. काळी बटणं पडली. पिवळी पडली. मग डबा झटकला, ठोकला, बाईने आत डोकं घालून बघितलं.

तपकिरी एकही नाही!

बाईने सांडलेली बटणं पुन्हा एकदा चाळली.

"चहाला शून्य," बाई म्हणाली. "कॉफी पुढे आहे. वर कळवते."

"थांबा!" मास्तर टेबलावर हात आपटून ओरडला. "शून्य कसं असेल? मी स्वतः टाकलंय! मी काय झोपेत कॉफीला मत दिलं?"

"मीही चहालाच दिलं," कोपऱ्यातून एक शिंपी म्हणाला. "मीपण," दुसरा म्हणाला. मास्तरने बायकोकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती.

"दार लावा! कोणी बाहेर जायचं नाही!" मास्तरचे डोळे खोलीभर फिरले आणि इस्त्रीवाल्यावर थांबले. त्याचा एक गाल फुगला होता.

"तोंडात काय आहे?"

"उं उं."

"उं उं काय? उघड तोंड! पुरावा गिळायला निघालास?"

इस्त्रीवाल्याने तोंड उघडलं. लिंबाची गोळी.

"आता ही पण जप्त करा!" तो चिडून म्हणाला. मग मास्तरची नजर बाईच्या पर्सवर गेली. बाईने ती उघडून टेबलावर उपडी केली. रुमाल, कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या. "या गोळ्या मी इथे आल्यापासून घ्यायला लागले," ती म्हणाली. "कारण विचारू नका."

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. आरडाओरडा ऐकून फाटकावरचा पहारेकरी धावत आला होता. अंगात नवाकोरा खाकी शर्ट. सगळ्या पहारेकऱ्यांसाठी खाकी शर्टांची ऑर्डर त्याच शिलाईखान्यात चालली होती, आणि माप बघायला म्हणून पहिला शर्ट जेवणाच्या सुट्टीनंतर त्याला घालायला दिला होता. मास्तरची नजर सवयीने खांद्याच्या शिवणीवर गेली, तिथून कॉलरवर, कॉलरवरून गळ्यापाशी. आणि तिथेच खिळली.

गळ्याच्या तपकिरी बटणावर बारीकशी फुली!

मास्तरने झेप घेऊन त्याची कॉलर धरली.

"अहो! अहो मास्तर! मारामारी करायची तर ड्यूटी संपल्यावर!"

"हलू नकोस! हे माझं मत आहे!"

"माझा गळा आहे तो!"

सगळे भोवती जमले. बाईने चष्मा वर सरकवून फुली तपासली. मग सावकाश सगळ्यांच्या माना काज-बटणाच्या टेबलाकडे वळल्या. मास्तरच्या बायकोच्या मांडीवर खाकी शर्ट होता, बाजूला खाकी शर्टांची थप्पी होती, आणि प्रत्येक शर्टावर घट्ट शिवलेली तपकिरी बटणं चमकत होती.

"अगं!" मास्तरचा आवाज फाटला. "तू मतं शिवलीस?"

"मला काय बघता?" ती म्हणाली. "तपकिरी बटणं संपली होती. हाताशी डबा होता, डब्यात तपकिरी बटणं होती. हात काय परवानगी मागायला वरच्या ऑफिसात जातो?"

"पण तो मतांचा डबा होता!"

"माझ्या टेबलावर बटणांचा डबा ठेवायची अक्कल कोणाची?"

यावर सगळे मास्तरकडे बघू लागले. मास्तर छताकडे बघू लागला.

पण हार मानेल तो मास्तर कसला! "ठीक आहे! सगळी बटणं उसवा! मतं मोजा!"

"कोणतं मत आणि कोणतं आधीचं बटण, कसं ओळखणार?" बाईने विचारलं. "सगळी एकाच खोक्यातली. ओळखता येतंय ते एकच, यांच्या गळ्यातलं."

"आणि माझ्या शिवलेल्या बटणाला कोणी कात्री लावली," बायको सुई रोखून म्हणाली, "तर त्याच कात्रीने त्याचा पायजमा आखूड करीन."

कोणी पुढे झालं नाही.

"मग चहाला एक मत," बाई म्हणाली. "गळ्यापाशी."

"माझ्या अंगावर आहे म्हणजे मत माझं," पहारेकरी एकदम म्हणाला. "आणि मी कॉफी पितो."

"अरे गद्दारा! शर्ट आम्ही दिला!"

"एक मिनिट," बाईचा चष्मा पुन्हा नाकाच्या टोकावर आला. "मास्तर, मतावर ही फुली कोणी ओढली? खूण केलेलं मत बाद. गुप्त म्हणजे गुप्त, हे तुमचेच शब्द."

चहा पुन्हा शून्यावर! खोलीत असा कल्ला उडाला की शिवणयंत्रं लाजून गप्प बसली. शेवटी बाईनेच कपाळाला हात लावला. "पुरे! हात वर करून मत द्या आणि घरी जा. चहावाले?"

हातच हात वर झाले! पिवळं बटण टाकलेल्यांनीही हात वर केले, कारण एव्हाना घरी जाण्याच्या घाईपुढे लिंबू कोणाला आठवत होतं? इस्त्रीवाला तेवढा हाताची घडी घालून हुतात्म्यासारखा उभा राहिला. चहा जिंकला! शिंप्यांनी टेबलं वाजवली. मास्तरला खांद्यावर घेण्याची भाषा झाली.

पण मास्तरने हात मोजलेच नव्हते. तो एकच हात शोधत होता.

बायको खाली मान घालून बटण लावत होती. दोऱ्याचं टोक दातात, दोन्ही हात शर्टात.

"वहिनी, तुमचा हात?" बाईने विचारलं.

"कामात आहे," ती दातांतून म्हणाली.

सगळे हसले. मास्तरही हसला, पण ते हसू अर्ध्यावरच उसवलं. बाई आता कॉफीवाल्यांना हात वर करायला सांगेल म्हणून तो बायकोच्या हातांवर डोळे लावून थांबला. पण बाईने कॉफीचा मग उचलला आणि दिवे बंद केले. कॉफीची मोजणी झालीच नाही.

घरी जाताना बायको नेहमीसारखी त्याच्या बाजूने चालत होती. पहिल्या वळणापर्यंत मास्तरने कशीबशी कळ काढली. तेवढाच त्याचा संयम.

"अगं, सकाळी डब्यात तू कोणतं बटण टाकलंस?"

"गुप्त मतदान होतं."

"नवऱ्यापासूनसुद्धा?"

"कोणी कोणाला विचारायचं नाही म्हणाला होतात."

"ते इतरांसाठी! आणि हात का नाही वर केलास? कामात होता म्हणे! एवढा वेळ एक बटण लावत होतीस? तुझ्या हाताला एक बटण म्हणजे चुटकीचं काम!"

ती तशीच चालत राहिली. पाच-सहा दुकानं मागे पडली. मग रस्त्याकडे बघत सहज म्हणाली, "उद्या सकाळी मी लवकर उठेन. चहा मी करते."

मास्तर जागच्या जागी थांबला. मागून येणारा सायकलवाला त्याच्यावर आदळता आदळता वाचला आणि शिव्या देत गेला.

"का? तू का करतेस? माझ्या चहात काय वाईट आहे?"

"वाईट कुठे म्हटलं?"

"चांगलाही कुठे म्हटलंस! इतकी वर्षं नुसतं 'झाला' म्हणतेस! काय झाला? चहा झाला की छळ झाला?"

"लोक बघताहेत."

"बघू देत! ए, पुढे कुठे चाललीस? आधी सांग! तपकिरी की काळं?"