सरांच्या गाडीचे नवे शॉकअप

सरांच्या गाडीचे पुढचे शॉकअप गेले, तेव्हा घरी बाईंनी सरळ सांगितलं, "आता ही गाडी विकून टाका."

"शॉकअप गेले म्हणून गाडी विकायची? उद्या माझे गुडघे गेले तर मलाही विकशील!"

"गिऱ्हाईक तर मिळायला हवं," बाई म्हणाल्या.

सर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि गाडीही त्यांच्याच बरोबरीनं थकलेली. ब्रेक लावला की ती वाकून नमस्कार करी. खड्ड्यात गेली की खालून भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज येई. स्पीडब्रेकर आला की सर तिची पुटपुटत माफी मागत, आणि मागचे गाडीवाले सरांना भलतंच काहीतरी म्हणत.

"सर, लोकल शॉकअप आजच टाकतो," मेकॅनिक म्हणाला. "कंपनीचे मागवावे लागतील. जुनं मॉडेल आहे, कधी येतील देव जाणे."

"येऊ देत सावकाश. पण ओरिजिनलच टाकायचे."

गाडी गॅरेजमध्येच राहिली आणि सर रोज तिला भेटायला जाऊ लागले. "मी माहेरी गेले तेव्हा कधी एवढी चौकशी केली नाहीत," असं बाईंनी ऐकवूनही पाहिलं.

अखेर एकदाची खोकी आली. ती येणार या आनंदानं आदल्या रात्री सरांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मेकॅनिकनं जुन्या शॉकअपचा दांडा दाबला, तो खाली गेला आणि वर यायचं नावच घेईना. नव्याचा दाबला, तर तो झोपेतून उठल्यासारखा संथपणे वर आला.

"पुन्हा दाबा ना," सर म्हणाले.

"सर, आता गाडीला बसवू का?"

दुपारपर्यंत चाकं चढली, गाडी जमिनीवर उतरली आणि मेकॅनिक जेवायला गेला. सर 'जरा टेकावं' म्हणून मागच्या सीटवर आडवे झाले. डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून सीटवरची चादर त्यांनी तोंडावरून ओढून घेतली.

मेकॅनिक परत आला, तर सर नाहीत, टेबलावर त्यांचा फोन तेवढा. 'कंटाळून गेले वाटतं घरी,' असं म्हणून तो गाडी घेऊन ट्रायलला निघाला.

सर तेव्हा समुद्रात होते. जन्मभर त्यांनी फळ्यावर सागरी प्रवाह काढले, पण होडीत पाय ठेवला नव्हता. आता एक उबदार प्रवाह त्यांना अलगद वाहून नेत होता. मेकॅनिक खड्डे हुडकून हुडकून गाडी घालत होता, आणि सरांना लांबवर कुठेतरी लाट उठल्याचं नुसतं कळत होतं.

गाडी घरी पोचवून मेकॅनिकनं किल्ली आणि फोन बाईंच्या हातात दिला. "सर आले ना?"

"अहो, तुमच्याकडेच तर होते!"

"मग येत असतील चालत," म्हणून तो गेला.

उन्हं कलली तरी सर येईनात. बाईंनी शेजारच्या गल्लीतून भावाला बोलावलं. त्याला गाडी येत नव्हती. बाईंना येत होती, पण 'ती हट्टी आहे, तुझं नाही ऐकायची,' असं सांगून सरांनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. आज बाईंनी किल्ली फिरवली आणि गाडी निमूटपणे निघाली.

"ताई, मागे चादरीखाली काय गं?"

"जुने शॉकअप असतील. ते काही टाकू देणार आहेत?"

औषधांच्या दुकानापाशी बाईंनी काच खाली केली. "आमचे सर दिसले का हो?"

"गाडीशी बोलतात ते? नाही बुवा."

समुद्रात ओळखीचे आवाज येऊ लागले, तशी सरांना जाग आली. आपण कुठे आहोत हे उमजायला त्यांना थोडा वेळ लागला. आत्ता उठावं, तर ही किंचाळून गाडी खांबावर घालेल. थांबल्यावर उठू, असं त्यांनी ठरवलं. शिवाय बाई गाडी छान चालवत होत्या, आणि नव्या शॉकअपवर मागची सीट नुसती तरंगत होती.

"भावोजी रागावून गेले असतील," भाऊ म्हणाला. "तू गाडी विका म्हणालीस ना?"

"विकते कशाला! गाडी गेली तर दिवसभर घरात बसून मला भाजी चिरायला शिकवतील." मग बाई वेग कमी करून फुटपाथवरचा एकेक चेहरा न्याहाळू लागल्या. "एवढा वेळ न सांगता कधी राहिले नाहीत रे."

चादरीखाली सरांचे डोळे भरून आले. आता तर उठणं आणखीच अवघड झालं.

गाडी थांबली ती थेट पोलीस चौकीसमोर. दोघं घाईनं आत गेले. सर धडपडत उतरले आणि पाठोपाठ दारात पोचले.

"अंगावर काय होतं?" हवालदार विचारत होते.

"निळा शर्ट. वरचं बटण तुटलेलं." बाईंनी गळ्याशी बोट नेऊन दाखवलं. "आज लावून देणार होते हो मी."

"राहू दे गं, उद्या लाव," सर दारातून म्हणाले.

हवालदारांनी सरांच्या गालावरचे चादरीचे वळ पाहिले, मग बाईंकडे पाहिलं. "हेच का?"

"हेच," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण आता नकोत मला."

सगळा उलगडा झाल्यावर सरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. बाई त्यांना वळसा घालून स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. पुढे भाऊ होताच. सर मुकाट्यानं मागे बसले.

दिवेलागणीच्या रस्त्यावरून गाडी पाण्यावरून गेल्यासारखी निघाली. सिग्नलला बाईंनी हात वर करून मधला आरसा वळवला, त्यात सरांचा चेहरा येईपर्यंत. अशानं मागची वाहनं दिसणार नाहीत, असं सांगायला सरांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि ते आरशात नीट दिसतील असे जरा मधे सरकून बसले.