माणिकरावांचं तोंड

माणिकरावांच्या बियाण्याच्या दुकानात नवं टेबल आलं आणि चंपतरावांच्या पोटात दुखू लागलं. टेबलाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, टेबलावरच्या पझलबद्दल होती. तामसी गावच्या फुटबॉल टीमचा चाळीस वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा फोटो माणिकरावांच्या मुलीनं, मयूरीनं, निर्मल गावच्या लाकडी खेळणीवाल्याकडून पातळ लाकडावर चिकटवून घेतला होता आणि त्याचे साठ वाकडेतिकडे तुकडे कापून आणले होते. आदिलाबादच्या बसची वाट बघणारी माणसं आता झाडाखाली बसत नव्हती, दुकानात बसून तुकडे जुळवत होती.

फोटोच्या मधोमध ढाल धरून कॅप्टन माणिकराव. फायनलचा एकुलता एक गोल मारला होता चंपतरावांनी, पण फोटोच्या वेळी ते बुटाची नाडी बांधत बसले आणि उजव्या कोपऱ्यात एका कानानिशी कसेबसे मावले. माणिकरावांचा चेंडूशी त्या दिवशी तीनदा संबंध आला, त्यातही दोनदा हातानं, आणि ते गोलकीपर नव्हते! हे चंपतराव चाळीस वर्षं बायकोला ऐकवत होते.

"लोकायले सांगा ना मंग," रेणुकाबाई म्हणायच्या. "मले काऊन सांगता? मी काय ढाल देनार हावो?"

"मी काऊन सांगू? त्यानं सांगाव. कॅप्टन होता ना थो?"

पण माणिकराव काही सांगेनात, आणि रोज दहा माणसं त्यांचं तोंड जुळवून "वा!" म्हणू लागली. शेवटी एका दुपारी माणिकराव मागे खताची पोती लावायला गेले, तेव्हा चंपतरावांनी त्यांचं तोंड अलगद उचललं आणि बंडीच्या खिशात घातलं. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादला मेथी विकायला निघालेल्या वच्छलाबाईंनी पझल जुळवलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, ढाल हाय, हात हाय, मुंडकं कुठी गेलं? कोन व्हय हा?"

"मी व्हय!" माणिकराव छाती फुगवून म्हणाले आणि त्यांनी अख्खी फायनल सांगितली. आजवर लोक गुमान तुकडे जुळवून बसमध्ये चढत होते. आता प्रत्येक जण विचारू लागला. बसचा कंडक्टरही उतरून आला. त्याला माणिकरावांनी तेलुगूत सांगितलं, आणि तेलुगूत मॅच जरा जास्तच अटीतटीची झाली. चेहरा नव्हता म्हणून जो तो आपल्या मनानं चांगला चेहरा लावत होता. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

चंपतरावांचा जळफळाट झाला. तोंड हरवल्यानं एवढा मान मिळत असेल, तर आपलं का हरवू नये? संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यातला स्वतःचा तुकडाही खिशात टाकला. सकाळी ते दाढी करून, उत्तर पाठ करून दुकानात हजर झाले.

वच्छलाबाईंनी अठ्ठावन्न तुकडे लावले. "झालं बाई! बस, एका मुंडक्याची कसर."

चंपतरावांना राहवेना. "वच्छलाबाई, त्या कोपऱ्यात काई कमी नाई वाटत तुमाले?"

बाईंनी वाकून पाहिलं. "तिथं मोकळंच असन. नाई त झाडबिड."

चंपतरावांना एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं, अगदी फोटो आला त्या दिवशीसुद्धा. ते उठायला लागले. तेवढ्यात माणिकराव वजनकाट्याकडून चष्मा पुसत आले आणि टेबलावर वाकले.

"झाड नोहे ते, वच्छलाबाई! तिथं आपला चंपत हाय. गोल यानंच मारला होता, डाव्या पायानं. म्या त निस्ती ढाल धरली. हा सापडल्याबिगर फोटो पुरा झाला म्हनू नका."

दुकानातली सगळी माणसं चंपतरावांकडे वळली. वच्छलाबाईंनी पदर सावरला. बसमधून उतरून आलेल्या कंडक्टरनं हात मिळवला. चंपतरावांच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं.

"सापडला, सापडला!" ते कसेबसे म्हणाले. "इथंच बाकाखाली पडला होता." आणि खिशात हात घालून त्यांनी हाती लागलेला तुकडा माणिकरावांच्या तळहातावर ठेवला.

माणिकरावांनी तळहाताकडे पाहिलं. मग चंपतरावांकडे पाहिलं. मग पुन्हा तळहाताकडे. तिथून मिशीला पीळ दिलेला जवान कॅप्टन त्यांच्याकडे बघून हसत होता.

"चंपत," ते हळूच म्हणाले, "गोल तुहाच होता लेका, म्या कवा नाई म्हनलं? पन मले खिशात घालून काऊन फिरून राह्यला?"

बाहेर आदिलाबादची बस उभी होती, सुटायची वेळ टळून गेली होती. पण कंडक्टरसकट कोणीही जागचं हललं नाही.