अनूबाईंची शिकवणी

२००१ सालच्या मे महिन्यात वसईत अनूबाईंच्या शिकवणीसाठी सतरा मुले नाव देऊन थांबली होती. अनूबाई नावाची कोणतीही शिक्षिका वसईत नव्हती.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर असून सातिवलीतील एका रंगाच्या कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासतो. नमुना, निरीक्षण, निष्कर्ष या क्रमाखेरीज मी काहीही मान्य करत नाही. सोसायटीच्या सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा मी आधी बोटांत चोळून पाहतो. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून मी एखादे पाऊल उचलीन, हे सर्वस्वी अशक्य!

मत्सराचे मात्र तसे नाही. मत्सर हा रंगहीन, गंधहीन वायू आहे; पेट घेईपर्यंत तो घरात साठला आहे हे कळत नाही. आमच्या घरी ठिणगी पडली ती एका लहानशा पांढऱ्या ॲप्रनने.

तालुक्यात नवी शासकीय विज्ञान शाळा निघाली होती. पाचवी ते आठवी. आधी लेखी परीक्षा, मग तोंडी, आणि जागा इतक्या थोड्या की मुलांआधी पालकांचेच चेहरे उतरत. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा सूक्ष्मदर्शक आणि स्वतःचा ॲप्रन! पहिल्याच वर्षी तिथे निवड झाली स्वप्नालीची. ही काशीरामकाकांची नात. त्यांच्या भातशेतीवर आमची सोसायटी उभी राहिली आणि त्यांचे घर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उरले. दर शनिवारी तो ॲप्रन तिथल्या दोरीवर वाळत असे. टायटॅनियम डायऑक्साइडशी इतकी वर्षे झटूनही तसा पांढरा मला साधला नव्हता!

"किती छान दिसतो ना!" माझी पत्नी मीरा म्हणे.

"नीळ जास्त झाली आहे," मी म्हणे.

आमची उन्नती तेव्हा चौथीत होती. "बाबा, मला तिथेच जायचंय. स्वप्नालीताई म्हणते, सूक्ष्मदर्शकात मुंगीचे पाय केसाळ दिसतात!" एवढे सांगून ती थांबली नाही. मुंग्यांची सोय म्हणून तिने साखरेच्या डब्याचे झाकण उघडे ठेवण्यास प्रारंभ केला.

अखेर मी काशीरामकाकांच्या ओटीवर जाऊन बसलो.

"अभिनंदन, काका! स्वप्नालीने नाव काढलं!" हे वाक्य उच्चारताना मला दाढ उपटून घेतल्यासारखे झाले.

"अवो सायेब, आमची सपनी पास झाली ती अनूमुलं!"

"अनूमुळे?"

"तं काय! तोंडी परीक्षेत निस्ता अनू, अनू! घरात पन त्येच. जेवताना अनू, झोपताना अनू. आमची म्हातारी बोलते, पोरीला अनूनं झपाटलाय!"

मी आवाज शक्य तितका बेफिकीर ठेवला. "आणि या अनू भेटतील कुठे?"

काका मनापासून हसले. "भेटायचं काय त्यात? सगलीकडं हाय! एकदम बारीक. डोल्याला दिसनार पन नाय. पन ताकद म्हनाल तर अख्खा गाव उडवंल!"

घरी येऊन मी मीराला निष्कर्ष सांगितला. "अनू नावाची एक शिक्षिका आहे. अंगाने किरकोळ, लोकांत न मिसळणारी, पण वजनदार. पत्ता विचारला तर म्हातारा म्हणतो, सगळीकडे आहे! नातीची बरोबरी कोणी करू नये म्हणून ही सारी उडवाउडवी!"

मीरा विचारात पडली. "अहो, गिरीजला ॲनी आंटी आहेत. दर रविवारी स्वप्नाली त्यांच्या घरात शिरताना मी पाहिलीये."

"ॲनी आणि अनू?"

"काका रिक्षाला रिस्का म्हणतात. ॲनीचं अनू व्हायला कितीसा वेळ!"

निरीक्षणाचा आधार असलेले ते अनुमान होते. मी ते स्वीकारले.

ॲनी आंटींनी स्वतः दार उघडले. त्या कोयतीच्या मुठीसारख्या किडकिडीत होत्या. माझी उरलीसुरली शंका तिथेच संपली.

"काशीरामकाकांची स्वप्नाली आपल्याकडे येते?" मी विचारले.

"सपनी? दर संडेला! हुशार पोरगी."

"तिला आपण काय दिलंत?"

"मागेल ते देते बाबा. कधी नाय म्हटलं नाय."

"आमच्या उन्नतीलाही द्याल?"

"पाठवून द्या ना! चार पोरं येतातच माझ्याकडे. लहान हात मला पायजेतच!"

पहिल्या रविवारी उन्नती कोपरांपर्यंत पांढरी होऊन परतली.

"काय शिकवलं?"

"मैदा चाळायला."

"कणांचं आकारमान!" मी मीराकडे पाहिले. पुढच्या रविवारी लोणी वितळवणे झाले. "अवस्थांतर!" मग नानकटाईचे गोळे एकसारखे वळणे. "मापन! मीरा, हीच खरी पद्धत. पुस्तकाला हात न लावता विज्ञान! कोणाजवळ बोलू नकोस."

मीराने शब्द पाळला. वरच्या मजल्यावरील रिटाला तिने पत्ता सांगितला नाही, खरे नावही सांगितले नाही. "अनूबाई म्हणून आहेत," एवढेच सांगितले. रिटानेही तेवढेच पुढे सांगितले.

लेखी परीक्षेत उन्नती काठावर तरली. जागा मिळणार की नाही, हे आता तोंडी परीक्षेवर होते. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि खिडकीची झडप उघडी होती.

"अणू म्हणजे काय, ठाऊक आहे?" आतून परीक्षकांचा आवाज आला.

"हो! मी जाते ना तिथे!"

"कुठे? अणूत?"

"हो. रविवारी."

मी कपाळाला हात लावला.

"बरं," परीक्षक सावकाश म्हणाले, "मग अणूच्या आत काय असतं?"

"मधोमध भट्टी असते. सगळं वजन तिचंच. आम्ही मुलं भोवती फिरतो. फार जवळ गेलं तर ओरडा बसतो, पण लांब पळूनही जाऊ देत नाहीत."

"आणि बाकी?"

"बाकी सगळी रिकामी जागा. आणि एक मांजर."

एक खुर्ची जोरात सरकली. "मॅडम, ऐकलंत का? चौथीची मुलगी! स्वतःचं उदाहरण घेऊन सांगते आहे!"

निवड झालेल्यांत उन्नतीचे नाव सर्वांत वर होते.

मी सोसायटीत पेढे वाटले आणि वाटताना आनुवंशिकतेवर चार शब्द बोललो. पेढे सर्वांनी घेतले. आनुवंशिकता कोणी घेतली नाही. "ते राहू द्या, अनूबाईंकडे आमच्या सेलिनचं नाव लावा!" रिटा म्हणाली, आणि तिच्यामागे रांगच लागली. सतरा नावे मीराने लिहून घेतली. माझ्या मुलीच्या बुद्धीचे श्रेय एक पाव भाजणारी बाई नेत होती! ॲप्रनाचा मत्सर मी सोसला होता. हा मला सोसेना.

तेवढ्यात काशीरामकाका स्वप्नालीला घेऊन आले. "सायेब, मी बोललो होतो ना? अनूनं तारला!"

"होय काका. अनूबाईंचेच उपकार," मी कोरडेपणाने म्हणालो.

"बाई? बाई कुठली?"

"तुमच्या स्वप्नालीच्या. गिरीजच्या ॲनी आंटी!"

"ती पाववाली? सपनी तितं पाव आनाया जाते!"

"मग अनू कोण?"

"कोन काय? अनू! मिठात हाय, पान्यात हाय, तुमच्यात पन हाय!"

"आजोबा," स्वप्नाली हळूच म्हणाली, "न नाही, ण. अणू."

"त्येच बोलतो ना मी. अनू!"

कारण येथे नोंदवतो. काशीरामकाकांच्या गावी ण चा उच्चार न असा करतात. पाणी तिथे पानी होते आणि अणू अनू होतो. मी स्वर दुरुस्त करत बसलो. फरक व्यंजनात होता. उन्नती भट्टीपर्यंत पोचली ती या एका अक्षरामुळे, आणि शाळेपर्यंत पोचली ती भट्टीमुळे. माझ्या पदवीचा या प्रकरणाशी कोणताही संबंध आढळला नाही.