पंधरा फुटांचं वर्तुळ

गुलमोहर कॉलनीच्या बगिच्याचं मेंदीचं कुंपण माणसाच्या डोक्यावर गेलं होतं आणि त्यामुळे वळणावरची मोटारसायकल दिसायची ती धडकल्यावरच. मालेगावच्या या कॉलनीत ही बाब सर्वांना मान्य होती. पंचफुलाबाईंना, हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे, ती जरा अधिक मान्य होती. म्हणून त्यांचे मालक जगदेवराव यांनी शेलूबाजारच्या मेहुण्याकडून कुंपण छाटायचं बॅटरीवरचं मशीन मागून आणलं.

जगदेवराव नियमानं चालणारे. त्यांनी मशीनसोबतची माहितीपुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचली. जाड हातमोजे, बूट आणि गॉगल चढवला. झाडीत तार-बीर अडकलेली नाही ना, हे काठीनं चाचपलं. पुस्तिकेत म्हटलं होतं, काम चालू असताना इतरांनी पंधरा फूट लांब राहावे. त्यांनी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर भलं मोठं वर्तुळ आखलं आणि मधोमध जाऊन उभे राहिले. इथपर्यंत सर्व काही सुरक्षित होतं.

वर्तुळ दिसलं म्हणून लोक जमले. आत काय चाललंय ते बाहेरून नीट दिसेना, म्हणून आत आले.

"मांगं सरा हो! पातं लागन कोणाले," जगदेवराव म्हणाले.

"बरोबर आहे," शेजारचे बाबूलाल एक पाऊल पुढे येत गरजले. "अरे, मांगं सरा ना सारे! भाऊ सांगून राह्यले, ऐकू येत नाही काय?"

मग सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. कोणीही न सरकता, मागे सरकण्याविषयी एकमत झालं.

कॉलनीच्या अध्यक्ष मंजूताई यांनी परिस्थितीचं गांभीर्य ओळखून जागेवरच सुरक्षा समिती नेमली. वर्तुळात कोणी शिरू नये, हे पाहणं समितीचं काम. आत कोण शिरलं ते आत राहिल्याशिवाय कळणार कसं? म्हणून समिती आत उभी राहिली. सदस्यांना बिल्ले मिळाले. बाहेर राहिलेल्यांचा अपमान झाला.

"जीव आमचा, आन् त्याची काळजी तुमी करता? आमाले विचारलंही नाही!" निताबाई कडाडल्या.

मुद्दा बिनतोड होता. त्यांनाही बिल्ला मिळाला, त्यांच्या जावेलाही मिळाला. दुपारपर्यंत अख्खी कॉलनी समितीत आली होती आणि पायांखाली फक्की पुसून गेली होती. मग समितीनं सर्व सदस्य मावतील असं नवं वर्तुळ आखलं.

एवढ्या कोपरांत मशीन उचलणं धोक्याचं, म्हणून जगदेवरावांनी बॅटरी काढून ठेवली आणि पाणी प्यायला गेले. परत येतात तो बाबूलाल रेघेवर वाट अडवून उभे.

"बिल्ला?"

"अहो, मशीन मीच तं चालवणार आहो!"

"मंग सगळ्यात जास्त धोका तुमालेच आहे ना, भाऊ. बाहेरच थांबा. तुमच्यासाठीच तं हे सारं करून राह्यलो."

समितीनं मग बॅटरी बसवली. प्रत्येक सदस्यानं मशीन सुरू करून, डोक्यावर धरून फोटो काढला. निताबाईंच्या जावेची पाळी आली तेव्हा बॅटरी उतरली. कुंपणाचं एक पानही पडलेलं नव्हतं. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर निवेदन आलं : "अपघातमुक्त छाटणी मोहीम यशस्वी. कोणासही इजा नाही. वर्तुळाबाहेर जमलेली गर्दी समितीने वेळीच पांगवली."

बाहेर जगदेवराव एकटेच होते. आपण गर्दी आहोत, हे त्यांना साठी उलटल्यावर पहिल्यांदाच कळत होतं.

"कापलं काय कुंपण?" घरी पंचफुलाबाईंनी विचारलं.

"नाही. पण कोणाले लागलं नाही."

"कोणाले नाही? मंग हे काय हाये?" त्यांनी प्लास्टर त्यांच्या नाकासमोर धरलं.

जगदेवराव खाटेवर टेकले. "लोकायले जिवाची पर्वाच नाही राहिली," ते म्हणाले. पंचफुलाबाईंनाही ते पटलं. नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी चहा टाकला, तेवढ्यात मोठ्या रस्त्याकडून घरघर ऐकू आली. नालीचं काम सुरू झालं होतं. जेसीबी आली होती.

पंचफुलाबाईंनी गॅस बंद केला, दुखरा हात गळ्यातल्या पट्टीत अडकवला आणि चपला पायात सरकवल्या.

"बसले काय? चाला ना लवकर! मंग पुढं उभं राह्याले जागा नाही भेटत."

खड्ड्याच्या काठाची माती सुटत होती. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून केव्हाचा ओरडत होता. पहिली रांग गच्च भरली होती. तुम्ही जरा सरकून घेतलंत, म्हणून दोघांची सोय झाली.